धंतोलीतला मिसार डोंगर

मी एक जुना डोंगर आहे. हसू नका, मित्रांनो. डोंगर दगडमातीचाच असतो असे तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेले असेल, पण ते पुस्तक लिहिणारे नागपूरच्या इतवारीत बांबूकाम करणाऱ्यांच्या गल्लीत कधी आले नसावेत. मी बांबूचा, गोणपाटाचा आणि खळ लावून चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा डोंगर आहे. माझ्या पोटात अजून कुठल्याशा निवडणुकीचा निकाल आणि एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात आहे. म्हैस सापडली की नाही, ते मात्र मला आजवर कळलेले नाही.

मला नत्थूजींनी घडवले. नत्थूजी टोपल्या, सुपे, ताटव्या करीत. पण त्यांचे खरे नाव झाले ते बडग्यांमुळे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघते, हे बाहेरच्यांना सांगायला हवे. त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा वीट आलेला असतो, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, तो वाजतगाजत फिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. त्या पुतळ्याला बडग्या म्हणतात. नत्थूजींचा बडग्या इतका हुबेहूब असे की, एकदा त्यांनी केलेल्या डासाला लोकांनी खरेच चापट मारली होती. डास हत्तीएवढा होता. मारणाऱ्याचा खांदा निखळला, असे म्हणतात.

तर अशा नत्थूजींकडे एके दिवशी सिंधूताई आल्या. सिंधूताई म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या प्रमुख. आवाज असा की, गल्लीतली भांडणे आपोआप थांबत.

"नत्थूजी, मले एक सीनाय पायजे."

"कोणाचा हाय तो?"

"देवाचा."

"मंग मजबूत करा लागन," नत्थूजी म्हणाले आणि बांबू तासायला बसले.

यहुदी लोकांचे एक प्राचीन हिब्रू शास्त्र आहे. ख्रिस्ती लोकही ते पवित्र मानतात. त्यात डोंगरांना फार मान. सीनाय डोंगरावर मोशेला देवाने दहा आज्ञा दिल्या. अरारातावर नोहाचे तारू टेकले. मोरियावर अब्राहामाची परीक्षा झाली. दरवर्षी रविवारच्या शाळेच्या वार्षिक दिवशी यातली एखादी गोष्ट नाटकात येई, आणि नाटक कोणतेही असो, डोंगर मीच. बारा फूट उंच, अंगाला तपकिरी रंग, मोशेने चढावे म्हणून पायथ्याशी दोन रुंद पायऱ्या, आणि टोकाला कापसाचा ढग.

काय दिवस होते ते! सीताबर्डीची टेकडी मला पाहून मान खाली घालायची आणि सेमिनरी हिल्सवरची झाडे माझा पत्ता विचारायची. एका वर्षी तारवातला हत्ती शिंकला आणि मी फूटभर सरकलो. त्या धक्क्याने पार कामठीपर्यंत भांडी वाजली. एका वर्षी मोशेच्या हातून थर्माकोलची पाटी निसटली आणि कमिटीचे सचिव चंपतराव यांच्या डोक्यात पडली. त्यांनी जागच्या जागी जी अकरावी आज्ञा उच्चारली, ती चर्चमध्ये पुन्हा उच्चारण्यासारखी नाही. आणि मोरियाच्या नाटकात मेंढी झालेली छोटी उत्तरा माझ्या बांबूत शिंगांसकट अशी अडकली की, नाटक संपून लोक जेवायला बसले तरी ती माझ्यातच. सिंधूताईंनी तिला तिथेच पुरीभाजी भरवली.

या वार्षिक दिवसाचा एक रिवाज होता. नाटकाआधी मुलांची मिरवणूक निघे. हातात झेंडे, तोंडाने गाणी, आणि सर्वांच्या पुढे सिंधूताई. मोहल्ल्याला फेरी मारून त्या चर्चच्या उंच पायऱ्या चढत, दार उघडत, मग मुले आत जात. ताईंच्या आधी त्या पायऱ्यांवर कोणी पाय ठेवायचा नाही. हे कुठे लिहिलेले नव्हते, पण सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कुठे कोणी लिहून दिले आहे?

मग माझे दिवस फिरले.

उंदरांनी माझी डावी बाजू कुरतडली होती, म्हणून यंदा पावसाळ्यात ताईंनी मला डागडुजीसाठी नत्थूजींकडे पाठवले. नत्थूजी आता म्हातारे झाले होते, पण हात तोच. त्यांनी मला नवे गोणपाट लावून अंगणात वाळत ठेवले. माझ्या शेजारीच एक बडग्या तयार होत होता. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी तो सांगितला होता: रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांच्या नावाने कचऱ्याचा डोंगर. तुमच्या लक्षात आले असेल, पुढे काय झाले ते.

मारबतीच्या दिवशी सकाळी पोरे ढोलताशे घेऊन आली, तेव्हा नत्थूजी तर्रीपोहे खायला गेले होते. अंगणात दोन डोंगर. एकावर प्लास्टिक टाकलेले, एक उघडा. सौरव नावाचा त्यांचा पुढारी म्हणाला, "हा घ्या बे, हाच मोठा दिसून राहिला." आणि त्यांनी मला उचलले! माझ्या गळ्यात फाटक्या चपलांची माळ घातली, अंगावर वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या टाचल्या, आणि मी, ज्याच्यावर दहा आज्ञा उतरल्या तो मी, कचऱ्याचा ढीग म्हणून इतवारीतून निघालो.

सांगू का एक? सुरुवातीला मला मजा आली. एवढी गर्दी सीनायलाही कधी जमली नव्हती. लोक गच्च्यांवरून ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" मला वाटले माझाच जयजयकार आहे. ढोलाच्या तालावर मी असा डोललो की, माझ्या ढगातून दोन थेंब पाऊस पडला. पण मिरवणूक संपली, मला मोकळ्या जागेत उभे केले, आणि कोणीतरी काडी ओढली. तेव्हा मला कळले की, हे लोक मला निरोप देत होते.

तिकडे सिंधूताई डागडुजी पाहायला नत्थूजींच्या अंगणात पोहोचल्या होत्या. त्यांनी प्लास्टिक उचलले आणि त्या किंचाळल्या, "नत्थूजी, हा माझा सीनाय नोहे! याच्यावर अंड्याची टरफलं हायेत!"

नत्थूजींनी कपाळावर हात मारला आणि स्कुटी काढली. सत्तरीच्या सिंधूताई मागे बसल्या. त्या स्कुटीला त्या दिवशी पंख फुटले होते, यावर मी पैज लावायला तयार आहे. त्या पोहोचल्या तेव्हा माझा ढग गेला होता, शिखर गेले होते, आणि आग कमरेपर्यंत आली होती.

"थांबा गा! तो डोंगर आमचा हाय!"

पोरांनी घाबरून पाण्याच्या बादल्या ओतल्या. ताई त्या चिखलात शिरल्या, माझा पायथ्याचा बांबू धरला आणि मला मागे ओढले. मी निघालो. पण ताईंचा पाय सरकला आणि त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले. ज्या पोरांनी मला जाळायला नेले होते, त्यांनीच रडत रडत ताईंना उचलून धंतोलीतल्या दवाखान्यात पोहोचवले.

मी आता जेमतेम गुडघाभर उरलो होतो. पायथ्याच्या दोन पायऱ्या आणि वर काळा पडलेला सपाट भाग, बस. चंपतरावांनी मला पाहून मान हलवली. "हा काय सीनाय आहे? हा उंबरठा आहे. आता आपण मोठा एलईडी पडदा लावू. त्यावर खराखुरा सीनाय दिसेल, विजेसकट." आणि मला चर्चच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली सरकवले. मित्रांनो, तिथे एक बाद झालेला हार्मोनियम होता, तोही माझ्याशी बोलेना. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून स्वतःला विचारी, शिखर नसलेल्याला डोंगर का म्हणायचे?

ताईंची दशा काही वेगळी नव्हती. हे मला नंतर उत्तराकडून कळले. तीच ती मेंढी. आता ती शिकून धंतोलीत रुग्णांकडून व्यायाम करून घेते. तिच्या खोलीत सगळ्या विदर्भातून आलेली माणसे असतात. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोणाची कंबर. ताईंचे हाड जुळत आले होते. डॉक्टर म्हणाले होते, आता पायावर भार द्या, पायरी चढायला शिका, नाहीतर पाय आखडून जाईल आणि कायमची खुर्ची धरावी लागेल. वार्षिक दिवस जवळ येत होता. आणि मिरवणुकीच्या पुढे चालणाऱ्या आमच्या सिंधूताई कठड्याला धरून उभ्या राहत, पण पाय उचलत नसत.

उत्तराने निळ्या रंगाचा लाकडी खोका पुढे ठेवला की, त्या म्हणत, "मी या खोक्यावर चढू? मी सीनाय बांधलेली बाई हाय, वं. खोक्यावर मांजरी चढतेत."

"बाई, तुम्ही घाबरून राहिल्या," उत्तरा म्हणाली.

"मी? मी तुले पुरीभाजी भरवली, ते विसरली काय?"

"नाई विसरली. म्हणून तं सोडून नाई राहिली."

ताईंनी तोंड फिरवले. चंपतराव भेटायला येऊन म्हणून गेले होते, "ताई, यंदा तुम्ही खुर्चीवर बसून आरामात पाहा. मिरवणुकीचं आम्ही पाहून घेऊ." ते बिचारे भल्यासाठीच बोलले, पण ताईंचे जेवण त्या दिवसापासून कमी झाले. शेजारी गुडघ्याच्या व्यायामाला येणाऱ्या जिजाबाई त्यांना विचारत, "ताई, तुमचे ते चर्चवाले लोक आले नाई वाट्टे?"

उत्तरा हट्टाला पेटली. "खोका नाई पायजे ना? मंग सीनायच आणते." तिने चर्चच्या मागची खोली उघडायला लावली आणि मला ओढून बाहेर काढले. नत्थूजींनी मला आतून सागाच्या फळ्या ठोकल्या, पायऱ्या घासून सपाट केल्या, जळकट भाग पुसला. "आता याच्यावर बैल उभा केला तरी चालते," असे म्हणून त्यांनी मला ई-रिक्षात चढवले. अमरावती रोडवरचे ट्रक बाजूला होऊन मला वाट देत होते. आमची रिक्षा त्या रस्त्याने गेलीच नाही, असे नत्थूजी म्हणतात. पण मला आठवते ते आठवते.

उत्तराने मला ताईंसमोर ठेवले. ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता जमीन दुभंगावी. ज्या बाईने माझ्यासाठी हाड मोडून घेतले, तिच्यासमोर मी असा भुंडा उभा.

"हा सीनाय नोहे," ताई हळूच म्हणाल्या. "याचं तं डोस्कंच गेलं."

जिजाबाई आपला गुडघा चोळत वाकून बघायला लागल्या. त्या वणीकडच्या. पोळा झाला तशा उपचारासाठी आलेल्या, शहराच्या टोकाला वाडीला भाच्याच्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. "मंग हा कोणता डोंगर होय, ताई? तुमच्या पोथीत लहान डोंगर नाई काय एखादा?"

एवढी वर्षे ताईंनी मोठ्या डोंगरांची नाटके बसवली होती. लहान डोंगराचे त्यांना कधी कोणी विचारलेच नव्हते. त्यांचे ओठ हलू लागले, जसे पाठ केलेले शोधताना हलतात तसे.

"हाय," त्या म्हणाल्या. "एक हाय. मिसार."

"तिथं काय झालं?"

"काईच नाई झालं." ताई स्वतःच चकित झाल्यासारख्या बोलत होत्या. "ना वीज, ना धूर, ना पाट्या. साऱ्या शास्त्रात त्याचं नाव एकदाच येते. नावाचा अर्थच म्हणतेत लहान. एक गाणारा माणूस होता, जिजाबाई. तो आधी लोकांची मिरवणूक घेऊन देवाच्या मंदिरात जाये. सगळ्याच्या समोर तो, मागं लोक, गाणे, आनंद. मंग तो दूर जाऊन पडला. मंदिर राह्यलं तिकडं. जेवणाच्या जागी आसवं. लोक विचारत, कुठी गेला तुहा देव? तवा तो म्हणते..."

"काय म्हणते?"

"म्हणते, मी या लहान्या मिसारावरूनच तुही आठवण करतो, देवा. मोठ्या डोंगरावर येता येत नाई तं इथून करतो."

खोलीत व्यायामाची चाके थांबली होती. जिजाबाईंनी पदराने डोळे पुसले. "म्हणजे घरून दूर येऊन पडलेल्या माणसाचा डोंगर होय हा. मंग हा आमच्या साऱ्याइचाच झाला, वं ताई."

आणि मित्रांनो, मी! मी इतकी वर्षे सीनाय म्हणून मिरवलो, अरारात म्हणून फुगलो. कोणा थकलेल्या माणसाने आपल्या देवाला हाक मारायला उभे राहावे, एवढ्यासाठी शास्त्रात एका लहान डोंगराचे नाव जपून ठेवलेले आहे, हे मला माहीतच नव्हते. त्या क्षणी मी ठरवले, बांबू फुटला तरी चालेल, पण या बाईच्या पायाखाली मी कुरकुरणार नाही.

ताईंनी कठडा धरला. पाय उचलला. तो थरथरला आणि खाली आला. उत्तरा पुढे झाली, तशा ताई म्हणाल्या, "सर तिकडं." मग मान खाली घालून त्या स्वतःशीच बोलल्या. त्या गाणाऱ्या माणसानेही रडता रडता स्वतःलाच हटकले होते म्हणे. ताईंनी ते आपल्या बोलीत हटकले.

"काहून खचून राहिला गा, जिवा? काहून असा तळमळून राहिला? भरवसा ठेव. अजून गाणं बाकी हाय."

आणि पाय माझ्या पहिल्या पायरीवर आला. सगळा भार आला. माझ्या पोटातली म्हशीची जाहिरात दबली, निवडणुकीचा निकाल दबला, पण मी हूं की चूं केले नाही. मग दुसरा पाय. मग ताई खाली उतरल्या, घामाने भिजलेल्या, आणि म्हणाल्या, "पुन्हा."

त्या रोज येऊ लागल्या. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर, मग माझ्या सपाट काळ्या डोक्यावर. काही दिवस पाय सुजे, काही दिवस त्या उत्तराला शिव्या देत. चांगल्या ख्रिस्ती शिव्या, ज्यात फक्त जुन्या दुष्ट राजांची नावे असतात. पण आल्या नाहीत असा दिवस गेला नाही. त्यांच्यामागे जिजाबाई चढू लागल्या. मग हिंगण्याच्या कारखान्यातले एक कामगार, धम्मानंद, ज्यांच्या पायावर लोखंड पडले होते. "बाई, मी तं बुद्धाचा माणूस हाय, मले चालते काय हा डोंगर?" त्यांनी विचारले. "पाय दुखते ना?" ताई म्हणाल्या. "मंग चालते. चढा." निळा खोका कोपऱ्यात पडला. मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, पण फार नाही.

वार्षिक दिवसाच्या आदल्या आठवड्यात चंपतराव टेम्पो घेऊन आले. एलईडी पडदा ठरला होता, तरी मुलांनी हट्ट धरला होता की खरा डोंगर हवा. "ताई, याला घेऊन जातो," ते म्हणाले. "फायबरचं नवीन शिखर बसवू. बारा नाही, पंधरा फूट. आतून दिवा."

खोटे कशाला बोलू? आणि हे मी म्हणतो आहे, म्हणजे बघा. मला मोह झाला. पंधरा फूट! आतून दिवा! माझे बांबू एकदम ताठ झाले. तेवढ्यात जिजाबाई चढायला आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर पाय ठेवला आणि वणीच्या दिशेला असलेल्या खिडकीतून बाहेर बघत त्या काहीतरी पुटपुटल्या. नातवाचे नाव होते की देवाचे, मला ऐकू आले नाही. माझा मोह तिथल्या तिथे उतरला. मी पायथा जमिनीत असा रोवला की, टेम्पोवाल्याने ओढून पाहिले तरी हललो नाही.

"राहू द्या, चंपतराव," सिंधूताई म्हणाल्या. "तो ड्युटीवर हाय."

"मग नाटकाचं?"

"नाटक पडद्यावरच्या सीनायवर करा. चांगला दिसन. पण मिरवणुकीच्या समोर मी चालीन."

"ताई, चर्चच्या पायऱ्या..."

"त्या पायऱ्या मले ओळखतेत. तुम्ही बाजूले राहा म्हणजे झालं."

वार्षिक दिवसाच्या त्या रविवारी मी तिथे नव्हतो. उत्तराने सांगितले त्यात माझी थोडी भर आहे, पण फारच थोडी. ताई काठी टेकत पुढे, मागे झेंडेवाली मुले, आणि सगळी मिरवणूक ताईंच्या चालीने, अगदी हळू. ढोल वाजवायला सौरव आणि मला जाळायला नेणारी ती पोरे आली होती; त्यांनीही ठेका लांबवला. नेहमीची मिरवणूक पाहता पाहता संपे, ही इतकी वेळ चालली की घराघरांतून लोक बाहेर आले. चर्चच्या पायऱ्यांशी ताई थांबल्या. कोणी हात पुढे केला नाही, कारण त्यांनी तसे बजावले होते. त्या एक एक पायरी चढल्या, दार उघडले, मुलांकडे वळल्या आणि त्यांनीच गाणे सुरू केले. आवाज इतवारीपर्यंत गेला, असे मी म्हणतो. उत्तरा म्हणते, निदान चौकापर्यंत तरी नक्की.

दुसऱ्या दिवशी ताई इथे आल्या. व्यायामासाठी नव्हे, फडके घेऊन. त्यांनी मला पुसले आणि माझ्या कडेला रंगाने लिहिले: मिसार.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. तुमच्या घरी, शाळेत, देवळाच्या मागच्या खोलीत काही मोडके, जळके, उंची गेलेले पडले असेल, तर ते भंगारात देण्याआधी त्याच्यासमोर क्षणभर बसा. ते आधी किती मोठे होते, हे विचारू नका. आता ते कोणाच्या पायाच्या उंचीला आले आहे, ते बघा. आणि माझ्याकडे आलात तर खुशाल चढा, फक्त खर्रा खाऊन माझ्या अंगावर थुंकू नका. डोंगर झालो म्हणून काय झाले, कागदाचा आहे हो मी.

अजून सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अरारातावर नोहाची बायको काय म्हणाली, ते तर राहूनच गेले. पण आता मला थांबले पाहिजे. पुसदकडचे एक आजोबा कठड्याला धरून उभे आहेत. आज पहिलाच दिवस आहे त्यांचा. पाय उचलला आहे, माझ्यावर ठेवावा की परत खाली, या विचारात आहेत. या वेळी डोंगराने बोलायचे नसते, आणि हलायचे तर मुळीच नसते.